वाशिष्ठीचे पाणी आणि सांडपाण्याचा कायदा : प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यातील नद्या लांबीच्या मापाने फार लहान आहेत. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरलेले पाणी डोंगरदऱ्या ओलांडून, भाताच्या मळ्यांना आणि माडा-पोफळीच्या आगरांना स्पर्श करून, चाळीस-पन्नास मैलांच्या आत समुद्रास मिळते. आणि या अल्प प्रवासातलाही मोठा हिस्सा खाडीच्या स्वाधीन असतो, म्हणजे तेथे नदी कोणत्या दिशेस वाहावी हे उतार ठरवीत नाही, चंद्र ठरवितो. वाशिष्ठी ही या जिल्ह्यातील सर्वांत थोर नदी. तिच्या पात्रात भरतीचे पाणी चिपळुणाजवळच्या गोवळकोटापर्यंत चढते, आणि याच भरतीच्या बळावर एके काळी मालाची गलबते दाभोळच्या मुखातून आत शिरून गोवळकोटाच्या बंदरास लागत असत. खेडकडून येणारी जगबुडी हिलाच मिळते, आणि दोघींचे पाणी मिळून जी विस्तीर्ण दाभोळची खाडी तयार होते, तिच्या दोन्ही तीरांवर भोई, खारवी, दालदी अशा मासेमारीवर जगणाऱ्या जमातींची गावे पिढ्यान् पिढ्या वसलेली आहेत.

कारखान्यांतून बाहेर पडणारे सांडपाणी नद्यांत सोडण्याविषयीचे नियम हा पुढील पृष्ठांचा विषय आहे. विषय वरकरणी रुक्ष आहे. त्यात कलमे आहेत, मानके आहेत, मिलिग्रॅमचे आकडे आहेत, परवाने, नोटिसा, पंचनामे आणि बंदीहुकूम आहेत. परंतु या रुक्ष कलमांच्या एका टोकाशी हजारो कुटुंबांची चूल आणि दुसऱ्या टोकाशी तितक्याच कुटुंबांचा पगार बांधलेला आहे, हे ज्याने एकदा पाहिले, त्यास या विषयाकडे उदासीनपणे पाहणे शक्य होत नाही. ही मानके कोठून आली, ती कशाचे माप घेतात आणि कशाचे घेत नाहीत, हे सामान्य वाचकास समजावे, एवढ्याचसाठी ही प्रस्तावना काहीशी विस्ताराने लिहीत आहे. आणि दृष्टांत म्हणून समोर ठेवावयाचा तो आपल्याच जिल्ह्यातील, कारण दूरच्या नदीविषयी न्यायनिष्ठुर होणे सोपे असते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या महामंडळाने खेड तालुक्यात, परशुराम घाटाच्या उत्तरेस, लोटे येथील सड्यावर औद्योगिक क्षेत्र वसविण्यास प्रारंभ केला. त्या काळचे कोकण डोळ्यांसमोर आणल्यावाचून या निर्णयाचे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल. घरटी एक तरी पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा कुणाच्या दुकानी चाकरीस, शेती पावसाळ्यापुरती, मनीऑर्डर हाच गावाचा खरा महसूल, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर तर त्या मनीऑर्डरीचाही भरवसा उरला नाही. अशा प्रदेशात घरापासून हाकेच्या अंतरावर महिन्याच्या महिन्यास वेतन देणारा कारखाना उभा राहणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि लोट्याच्या कारखान्यांवर संसार उभा केलेल्या माणसास त्या कारखान्यांविषयी ममत्व वाटते यात वावगे काही नाही. मात्र तेथे मुख्यत्वेकरून रसायनांचेच कारखाने का यावेत, हा प्रश्न विचारला पाहिजे. पाणी वाशिष्ठीचे मिळणार होते, माल वाहून नेण्यास मुंबई-गोवा महामार्ग दारातून जात होता, आणि वापरलेले पाणी टाकण्यास खाडी जवळ होती. हे तिसरे कारण मोठ्याने कोणी उच्चारीत नसे. परंतु कोकणपट्टीचा नकाशा उलगडून पाताळगंगा, कुंडलिकेच्या काठचे रोहे, सावित्रीच्या काठचे महाड आणि वाशिष्ठीच्या वरचे लोटे यांवर क्रमाने बोट ठेवीत गेले असता प्रत्येक रासायनिक वसाहतीच्या पायथ्याशी एक खाडी आढळते, आणि हा केवळ योगायोग नव्हे.

सड्याविषयी येथे थोडे थांबले पाहिजे. कोकणातील सडा म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण, उघडे, वरून ओसाड दिसणारे पठार. शेतीच्या उपयोगी नाही म्हणून सरकारी दप्तरात त्याची किंमत नेहमी कमी धरली गेली आणि कारखान्यांसाठी जमीन संपादन करताना प्रथम दृष्टी त्याच्याकडे वळली. पण जांभा हा सच्छिद्र दगड आहे. चार महिन्यांत कोसळणारा तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस हा दगड पोटात घेतो, आणि पठाराच्या कडांना, जेथे जांभ्याचा थर संपून खालची चिकण भूमी लागते तेथे, तो झऱ्यांच्या रूपाने पुन्हा प्रकट होतो. सड्याखालच्या वाड्यांच्या विहिरी, पऱ्हे आणि पाणवठे यांचे सर्व पाणी असे वरून पाझरलेले असते. म्हणून सड्यावर जे सांडले, पुरले किंवा उघड्यावर टाकले, ते सड्यावर राहत नाही. कालांतराने ते खालच्या गावाच्या घागरीत उतरते. लोट्याखालच्या कोतवली गावाला आणि तेथून वाहणाऱ्या सोनपात्रा नदीला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही. केंद्र सरकारने २०१० साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने लोट्याची पाहणी केली, आणि ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेल्या अहवालात, तेथील सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र समाधानकारक रीतीने चालत नाही आणि कोतवलीस पाणी पुरविणाऱ्या प्रवाहापर्यंत दूषित पाणी पोहोचते, असे नमूद केले.

सामाईक प्रक्रिया केंद्र ही कल्पना मूलतः सद्हेतूची होती. लहान कारखानदारास स्वतःचे संपूर्ण शुद्धीकरण यंत्र परवडत नाही. तेव्हा प्रत्येकाने आपल्या आवारात प्राथमिक प्रक्रिया करावी, पुढचे पाणी एकत्र करून सर्वांच्या खर्चाने शुद्ध करावे आणि मग ते नळाने योग्य स्थळी सोडावे, अशी ही योजना. लोट्याचे असे प्रक्रिया केलेले पाणी करंबवणे येथे खाडीत सोडले जाते. या केंद्राच्या पोटात चालणारे कार्य बहुतांशी सूक्ष्म जीवजंतूंचे असते. मोठ्या टाक्यांत हवा खेळवून अब्जावधी जंतू पोसले जातात, आणि ते पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन पाणी निवळ करतात. नागरी मैलापाण्यासाठी हा उपाय उत्तम ठरलेला आहे. परंतु कीटकनाशके, रंग, औषधांची मध्यवर्ती द्रव्ये अशा नाना प्रकारच्या कारखान्यांचे पाणी जेव्हा एका टाकीत येते, तेव्हा त्यांतील एखाद्याने रात्री सोडलेला तीव्र आम्लाचा अथवा विषारी द्रावणाचा एकच लोंढा या सर्व जंतूंचा संहार करण्यास पुरेसा असतो. आणि नवी पैदास होऊन केंद्र पूर्ववत होईपर्यंत येणारे पाणी जवळजवळ जसेच्या तसे पुढे जात राहते. कसूर एकाची, नाव सर्वांचे, आणि शिक्षा खाडीला. शिवाय क्षारांचे आणि जडधातूंचे जंतूंना काहीच करता येत नाही. जो कारखानदार आपल्या आवारात प्रामाणिकपणे खर्च करतो, त्याच्यावर या व्यवस्थेत सर्वांत मोठा अन्याय होतो, हे सांगितलेच पाहिजे. कारण शेजाऱ्याने वाचविलेल्या पैशाशी त्याला बाजारात स्पर्धा करावी लागते.

आता मानकांकडे वळू. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, याचे माप म्हणजे जैवरासायनिक प्राणवायूची मागणी. इंग्रजी आद्याक्षरांनी आपण त्यास बीओडी म्हणतो. या मापाचा जन्म इंग्लंडात झाला. तेथे मैलापाण्याच्या विल्हेवाटीसाठी १८९८ साली नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात नदीत सोडावयाच्या पाण्यास प्रति लिटर २० मिलिग्रॅम बीओडी आणि ३० मिलिग्रॅम तरंगते घनपदार्थ अशी मर्यादा सुचविली, आणि हीच जोडी पुढे जगभर प्रमाण मानली गेली. पण आयोगाने या आकड्यांबरोबर एक अटही घातली होती: ज्या नदीत हे पाणी सोडावयाचे, तिच्यात ते निदान आठपट स्वच्छ पाण्यात मिसळले पाहिजे. आकडे देशोदेशी गेले. अट मात्र मागे राहिली. बीओडीची परीक्षा पाच दिवसांची ठेवली गेली, त्याचे कारण असे सांगतात की, इंग्लंडातील कोणत्याही नदीचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्रास पोहोचते. आपल्याकडे हवा उष्ण म्हणून तीच परीक्षा २७ अंश सेल्सिअस तापमानास तीन दिवसांची केली, आणि पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील सर्वसाधारण मानकांत भूपृष्ठावरील जलप्रवाहात सोडावयाच्या पाण्यास ३० आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रात सोडावयाच्या पाण्यास १०० मिलिग्रॅमची सीमा ठरविली. रासायनिक प्राणवायूच्या मागणीस दोन्हीकडे २५० ची.

बीओडीच्या या दोन आकड्यांमधले अंतर तिपटीहून अधिक आहे, आणि त्यामागची समजूत उघड आहे: समुद्र मोठा, तो सामावून घेईल. मग खाडी कोणती? ती नदी की समुद्र? करंबवण्याचे पाणी भरतीस खारट, पावसाळ्यात गोड आणि एरवी मचूळ असते. सकाळी ओहोटीबरोबर दाभोळच्या दिशेने निघालेले सांडपाणी दुपारच्या भरतीबरोबर पुष्कळसे परत येते, काठच्या कांदळवनात शिरते, चिखलावर गाळ ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या नव्या सांडपाण्यास पुन्हा भेटते. भांगाच्या दिवसांत, जेव्हा भरती-ओहोटीचा जोर मंद असतो, तेव्हा ही येरझार अधिकच लांबते. नळाच्या तोंडाशी घेतलेला नमुना मर्यादेच्या आत भरला, तरी त्या नळाने दिवसभरात एकंदर किती द्रव्य टाकले, आणि पूर्वीचे किती अजून बाहेर गेलेले नाही, हे त्या नमुन्यावरून कळत नाही. कारखान्याचा अधिकारी आपला दाखला पुढे करतो, भोई आपले रिकामे पाग पुढे करतो, आणि दोघेही खरे बोलत असू शकतात.

वाशिष्ठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळवून त्यावर वीज निर्माण केली जाते, आणि कोळकेवाडीच्या टप्प्यातून बाहेर पडलेले ते पाणी अखेरीस वाशिष्ठीस मिळते. कृष्णा पाणीतंट्याच्या निवाड्यानुसार या कामी वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेस सोडता येते. त्यामुळे जेथे शेजारच्या नद्या मार्च-एप्रिलात डबक्यांच्या माळेसारख्या उरतात, तेथे वाशिष्ठी भर उन्हाळ्यात वाहती असते. हे पाणी वाशिष्ठीचे भाग्यच म्हणावे लागेल. पण या पाण्यास पावसाचा नियम नाही, विजेच्या मागणीचा आहे. संध्याकाळी मागणी चढली की जनित्रे सुरू होतात आणि नदी फुगते. मागणी उतरली की नदी ओसरते. करंबवण्याच्या सांडपाण्यास किती गोड्या पाण्याची जोड मिळावी, हे अशा रीतीने पोफळी-अलोऱ्याच्या वीजगृहांच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते, आणि त्या वेळापत्रकाचा विचार सांडपाण्याच्या परवान्यात झालेला माझ्या पाहण्यात नाही.

वस्तुतः आपला कायदा या बाबतीत अंध नाही. जलप्रदूषण प्रतिबंधक व नियंत्रण अधिनियम, १९७४ चे सतरावे कलम राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची कर्तव्ये सांगते. त्यांत असे एक स्पष्ट कर्तव्य आहे की, एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडावयाच्या पाण्याची मानके ठरविताना, कोरड्या ऋतूत त्या प्रवाहात मिळणारे किमान विरलन किती आणि त्या प्रवाहाची प्रदूषण सहन करण्याची मर्यादा किती, हे दोन्ही लक्षात घ्यावे. याच कलमात, ज्या पाण्यात सांडपाणी सोडावयाचे त्या पाण्याच्या गुणवत्तेची मानके ठरविण्याचेही कर्तव्य आहे; आणि 'प्रवाह' या शब्दाच्या व्याख्येत अधिसूचनेने ठरेल तितपत भरतीचे पाणी व समुद्रही येतो. म्हणजे १९१२ साली इंग्रज आयोगाने घातलेली अट, जी वाटेत गळून पडली असे मी वर म्हटले, ती आपल्या संसदेने शब्दांत बांधून ठेवलेली आहे. व्यवहार मात्र सर्व देशभर एकाच छापील आकड्याचा चालतो. जो आकडा गंगेच्या रुंद पात्रास, तोच मराठवाड्यातल्या आठ महिने कोरड्या ओढ्यास, आणि तोच जवळजवळ आमच्या खाडीच्या वळणास. या व्यवहाराची सोय मला समजते. सर्वांना एकच माप लावले की अधिकाऱ्यावर पक्षपाताचा आरोप येत नाही आणि न्यायालयात आकड्यास आकडा भिडवता येतो. तथापि ही सोय प्रवाहाच्या जिवावर मिळविलेली आहे.

या संदर्भात जपानातील मिनामाटाचा वृत्तांत प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. त्या गावच्या रासायनिक कारखान्याचे पाऱ्याचे सांडपाणी आखातात जात होते, मासे आणि मांजरे मरू लागली होती, आणि १९५६ च्या मे महिन्यात मज्जासंस्थेच्या अज्ञात व्याधीची प्रथम अधिकृत नोंद झाली. १९५८ साली कारखान्याने सांडपाण्याचे तोंड आखाताच्या बंदरातून हलवून नदीच्या मुखाशी नेले. दूषित स्थळ बदलले. परिणाम असा झाला की, जो रोग एका आखातापुरता होता तो मोठ्या समुद्राच्या काठाने इतर गावांत पसरला. कारखान्यातील पाराच रोगाचे मूळ होय, हे जपानी शासनाने मान्य केले ते १९६८ साली. लोट्याची आणि मिनामाटाची बरोबरी मी करीत नाही. द्रव्ये वेगळी, प्रमाण वेगळे, काळ वेगळा. पण तक्रार वाढली की नळ लांब न्यावा, आणखी खोल पाण्यात सोडावा, ही सूचना आपल्याकडे प्रत्येक खाडीच्या बाबतीत पुढे येते, आणि तिच्यामागे हाच विचार असतो की घाण दृष्टीआड गेली म्हणजे प्रश्न मिटला. नळाची लांबी वाढविण्याआधी नळातून जाणाऱ्या द्रव्याचे नाव विचारले पाहिजे.

आपल्या कायद्याचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. भारतीय दंडसंहितेच्या २७७ व्या कलमाने सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी दूषित करणे हा अपराध ठरविला होता, पण वाहती नदी त्यात येत नाही असा अर्थ न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकातच लावल्याने नद्यांना त्याचा उपयोग झाला नाही. महाराष्ट्राने १९६९ साली स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम केला आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले; केंद्राचा १९७४ चा अधिनियम महाराष्ट्राने १ जून १९८१ पासून स्वीकारला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. राज्य शासनाने २००० साली नदी नियमन क्षेत्राचे धोरण आखून, नदीच्या वर्गवारीनुसार तिच्या काठापासून किती अंतरावर कोणते कारखाने असावेत हे ठरवून दिले होते. २०१५ च्या फेब्रुवारीत ते धोरण रद्द करण्यात आले. मला हा निर्णय खेदजनक वाटतो. त्या धोरणात दोष होते, केवळ अंतर मोजण्याने नदी सुरक्षित होत नाही; परंतु कारखाना कोठे असावा हे नदीकडे पाहून ठरवावे, ही दृष्टी असलेली आपल्या राज्यातील ती एकमेव तजवीज होती. २०२४ साली संसदेने मूळ अधिनियमात दुरुस्ती करून, प्रवाहात प्रदूषक द्रव्य सोडण्याच्या ज्या अपराधास दीड ते सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा होती, त्याऐवजी दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड योजिला आहे. राज्यांनी तो बदल विधिमंडळाच्या ठरावाने स्वीकारावयाचा आहे. क्वचितच कोणी प्रत्यक्ष कारावासात गेला, हे खरे. तरी मोठ्या कारखान्यास पंधरा लाखांची रक्कम ही वार्षिक खर्चाच्या तपशिलातील एक ओळ होऊन बसेल, ही भीती निराधार नाही.

शिक्षेपेक्षाही अवघड प्रश्न पुराव्याचा आहे. अधिनियमाच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकृत माणसाने, कारखानदारास सूचना देऊन, त्याच्या समक्ष घ्यावयाचा. त्याने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करावयाचे. मोहोर करावयाची, दोघांनी सह्या करावयाच्या, आणि मगच तो प्रयोगशाळेत पाठवावयाचा. ही रीत पाळली नसेल तर नमुन्याचा अहवाल न्यायालयात ग्राह्य धरला जात नाही. निरपराध मनुष्य खोट्या नमुन्यावर गोवला जाऊ नये म्हणून ही काळजी आवश्यकच आहे. परंतु करंबवण्यास पहाटे मासे उलटे होऊन तरंगू लागले, आणि कोणी चिपळूणच्या कार्यालयास कळविले, तर अधिकारी येऊन पोहोचेपर्यंत ओहोटी लागून गेलेली असते. भोयाने बाटलीत भरून ठेवलेले पाणी कायद्याच्या दृष्टीने पुरावा नव्हे. त्याने पाहिलेला रंग, त्याला आलेला वास, अंगाला सुटलेली खाज, पागात आलेली शिंगटी आणि न आलेली बोय, हे सर्व त्याच्या तोंडची गोष्ट म्हणून राहते. पावसाळ्यात तर नाल्यातून वाहणारे पाणी पावसाचे किती आणि टाकीचे किती, हे ओळखणेच दुरापास्त. कोकणातल्या कोणत्याही रासायनिक वसाहतीच्या खालच्या गावात जा, पहिल्या मोठ्या सरीबरोबर पऱ्ह्याचा रंग बदलतो ही एकच तक्रार ऐकू येते.

सन २०१४ पासून केंद्रीय मंडळाच्या आदेशाने अत्यंत प्रदूषक वर्गातील कारखान्यांवर आणि सामाईक केंद्रांवर अहोरात्र मापन करणारी यंत्रे बसविण्यास आरंभ झाला, आणि त्यातून आकड्यांचा अखंड ओघ मंडळाकडे जाऊ लागला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि यंत्र कारखानदाराच्या आवारात आहे, त्याची निगा त्याच्याकडे आहे, आणि जे द्रव्य नळातून न जाता अन्य वाटेने जाते त्यास हे यंत्र पाहू शकत नाही. मानकांमध्ये एक परीक्षा अशी आहे की जिचे मला नेहमी कौतुक वाटत आले: सांडपाणी जसेच्या तसे घेऊन त्यात मासे ठेवावयाचे, आणि ९६ तासांनंतर त्यांतील नव्वद टक्के जिवंत राहिले पाहिजेत. रसायनांची नावे माहीत नसली तरी ही परीक्षा सत्य सांगते, आणि ती काय सांगते हे निरक्षर मच्छीमारालाही समजते. तिचे निकाल वेळोवेळी त्या त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

लोक बोलू लागतात तेव्हा काय होते, याचीही नोंद गाडगीळ गटाच्या अहवालात आहे. २००७ च्या ऑगस्टपासून २००९ च्या ऑक्टोबरपर्यंतच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस अधिनियमाखालील जमावबंदीचे हुकूम एकंदर १९१ दिवस लागू होते. त्याच संदर्भात मच्छीमारांचे असे म्हणणे गटापुढे आले की, लोट्याच्या वसाहतीने सुमारे ११,००० लोकांस काम दिले, परंतु खाडीतील मासळी गेल्याने सुमारे २०,००० जणांची उपजीविका गेली. या दुसऱ्या आकड्याविषयी मतभेद होऊ शकतो. मात्र तो खोडून काढण्यासाठी लागणारी गणना शासनाने केलेली नाही, आणि ती न करण्याचे कारण माझ्या मते असे आहे की भोयाच्या नावावर खाडी नसते. शेतकऱ्याची जमीन गेली तर सातबारा दाखवून तो मोबदला मागतो, झाड गेले तर झाडाची किंमत ठरते. पण ज्या माणसाच्या आजोबापणजोबांनी एकाच कोंडीत पाग टाकले, कालवे फोडली, खेकडे धरले, त्याची ती वहिवाट कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यात, जो दूषित करील त्याने भरपाई करावी, हे तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. हे तत्त्व खाडीवर आणावयाचे तर भरपाई कोणास, किती वर्षांची आणि कोणत्या मासळीच्या हिशेबाने, हे विचारल्यावर उत्तर देण्यास कागद हवा, आणि तो कागदच नाही.

रत्नागिरीकरांनी नको असलेला कारखाना परत पाठविल्याची आठवण या जिल्ह्यात अजून ताजी आहे. १९९३ साली लोकक्षोभापुढे नमून येथील तांबे शुद्धीकरणाचा प्रकल्प थांबवावा लागला आणि तो पुढे तमिळनाडूतील तुतिकोरिनला गेला. तेथे २०१८ च्या मे महिन्यात त्याविरुद्धच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात तेरा माणसे मृत्युमुखी पडली. एखादा कारखाना येऊ न देण्यासाठी लागणारा निश्चय या भूमीत आहे, हे त्यावरून दिसते. आलेल्या कारखान्यावर तीस-चाळीस वर्षे, दररोज, प्रत्येक भरतीस आणि प्रत्येक ओहोटीस लक्ष ठेवण्याचे काम त्याहून कठीण आहे, कारण त्यात मोर्चा नाही, घोषणा नाही, वृत्तपत्रात छापून येईल असे काही नाही. आहे ती केवळ नोंदवही.

त्या नोंदवहीसाठी लागणारी सामग्री जिल्ह्यातच आहे. रत्नागिरीस १९५८ पासूनचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, चिपळूणला मंडळाचे कार्यालय आहे, आणि दाभोळपासून गोवळकोटापर्यंत खाडीच्या प्रत्येक वळणाची माहिती असलेली माणसे होड्यांत आहेत. अधिनियमाच्या एकोणपन्नासाव्या कलमाने, साठ दिवसांची पूर्वसूचना मंडळास देऊन, कोणाही नागरिकास न्यायालयात फिर्याद करण्याचा अधिकार दिला आहे, आणि अशा फिर्यादीस मंडळाने आपल्याजवळचे संबंधित अहवाल पुरविले पाहिजेत असेही त्यात म्हटले आहे. या अधिकाराचा उपयोग फार थोड्यांनी केला, कारण तो आहे हेच फार थोड्यांस ठाऊक आहे. सतराव्या कलमाचे कर्तव्य पार पाडावयाचे तर प्रथम मार्च ते मे या तीन महिन्यांत, भांगात आणि उधाणात, वीजगृहे चालू असताना आणि बंद असताना, करंबवण्यापासून दाभोळपर्यंतच्या पाण्यात विरलन प्रत्यक्ष किती होते हे मोजावे लागेल. मग त्या किमान विरलनावरून लोट्याच्या नळातून दररोज एकंदर किती भार जाऊ द्यावयाचा ते ठरवून परवान्यात लिहावे लागेल. आणि हे मोजमाप ज्या समितीपुढे मांडले जाईल तिच्यात मंडळाचा अभियंता, महाविद्यालयाचा अध्यापक आणि वसाहतीचा प्रतिनिधी यांच्याबरोबर खाडीच्या दोन्ही तीरांवरील भोई, खारवी आणि दालदी यांस जागा आणि सहीचा अधिकार द्यावा लागेल.